म्हशीचं औषध

आमच्या धावड्याच्या घरच्या म्हशीला मी एकदा जी रिंग लावली, ती म्हशीची नव्हती. माझ्या बायकोची होती. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला माहीत आहे, पण तिला सांगायची वेळच आली नाही. ती तिथंच गोठ्याच्या दारात कोमट पाण्याची बादली घेऊन उभी होती.

वाचणाऱ्याला हसू येईल, येऊ द्या. मीही कित्येक वर्षं तो प्रसंग मनातल्या मनात विनोदी करून ठेवला होता. तेवढा भाग आठवून हसलं की बाकीचं आठवावं लागत नाही.

मी पशुधन पर्यवेक्षक. जाफराबाद तालुक्यात जनावरांच्या सरकारी दवाखान्यात नोकरी. लस टोचणे, कानात बिल्ले मारणे, कृत्रिम रेतन, गोऱ्हे खच्ची करणे, असली कामं. लोक मला डॉक्टरसाहेब म्हणतात. मी डॉक्टर नाही, पण मी कधी दुरुस्तही करत नाही. समोरच्याचा गैरसमज आपल्या सोयीचा असला की तो तसाच राहू देणं, ही माझी जुनी कला आहे. पुढं ती बरीच कामाला आली.

माझं दुसरं कसब म्हणजे भाषण. वर्षातून चार-दोनदा गावोगाव वंध्यत्व निवारण शिबिर लागायचं, जनावरांचं. चावडीसमोर मंडप, माइक, पाच-पन्नास गायी-म्हशी आणि त्यांचे मालक. मी माइक हातात घेतला की माझी भीड पार निघून जायची. म्हशीचा माज, तिची पाळी, गर्भाशय, मायांग, सगळे शब्द मी खणखणीत उच्चारायचो. पुढं बाया बसलेल्या असल्या तरी अडखळायचो नाही. हातात ते सिलिकॉनचं साधन धरायचो. इंग्रजी वाय अक्षरासारखं असतं, त्याला शेपटीसारखा दोरा असतो, आणि ते म्हशीच्या आत आठ-नऊ दिवस ठेवतात. त्यातलं प्रोजेस्टेरॉन अंगात मुरत राहतं. काढलं की दोन-तीन दिवसांत म्हैस माजावर येते.

आणि शेवटी माझं ठरलेलं वाक्य असायचं, "मंडळी, म्हैस उलटली, गाभण राह्यली न्हाई, म्हणून तिला नावं ठिवू नका. कधी चाऱ्यात कमी असतंय, कधी मालकाच्या लक्षात. मालकानं आपली चूक कबूल करावी, म्हशीला वांझ म्हणू न्हाई."

टाळ्या पडायच्या. मग मी मोटारसायकलला किक मारून घरी यायचो आणि घरी आल्यावर माझं तोंड बंद व्हायचं.

बायको जालन्याची. वडील कचेरीत कारकून, घरात वर्तमानपत्र, बोलणं शुद्ध. जाफराबादला ती एका खाजगी शाळेत शिकवते. आमची मुलगी झाली तेव्हा तिला इतका रक्तस्राव झाला की मी आणि सासरे रक्ताच्या पिशव्यांसाठी अख्खं जालना पालथं घालत होतो. ती वाचली. शुद्धीवर आल्यावर काही दिवसांनी ती एकच म्हणाली, "मला पुन्हा नको." मी हो म्हणालो. मनापासून म्हणालो, हे आजही छातीवर हात ठेवून सांगतो. हो म्हणण्यात मी कधीच मागं नव्हतो.

मग गोळ्या झाल्या, त्यांनी ती दिवसभर मळमळत राहायची आणि तशीच वर्गावर जायची. तांबी बसवली, तर पाळीत अंगावरून इतकं जायचं की सहा महिन्यांत काढावी लागली. शेवटी संभाजीनगरच्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो. मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. बाईंनी टेबलावर एक रिंग ठेवली. पांढरट, पारदर्शक, लवचिक, लहान मुलीच्या बांगडीएवढी. म्हणाल्या, "हिला बसवायला कुणी लागत नाही. स्वतः दाबून आत सरकवायची. तीन आठवडे आत, चौथ्या आठवड्यात बाहेर. त्या आठवड्यात पाळी येईल. मग नवी."

मी रिंग बोटांत दाबून बघितली आणि म्हणालो, "यात प्रोजेस्टेरॉनच असंल की."

बाई खूश झाल्या. "तुम्ही याच लाइनमधले का?"

"म्हशींच्या," बायको म्हणाली.

बाई हसल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "साहेब, खरं सांगू का? सगळ्यात सोपं तुमचं ऑपरेशन आहे. तुम्ही स्वतः चालत घरी जाल."

मी काय म्हणालो असेन? गोऱ्ह्यांना चिमटा लावताना त्यांच्या मालकांना "काई होत न्हाई, मुंगी चावल्यागत" असं सांगणारा मी म्हणालो, "म्याडम, मला मोटारसायकल लई चालवावी लागते."

"दोन-तीन दिवस चालवू नका."

"सध्या बिल्ले मारायची मोहीम चालू हाय."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि चिठ्ठीवर रिंग लिहिली.

परतताना एसटीत बायको म्हणाली, "धावड्याला, घरच्यांना, तुम्ही सांगा. मी सांगितलं तर भांडण होईल. तुम्ही सांगितलं तर निर्णय होईल."

"काय सांगू?"

"एवढंच की दुसरं मूल नको, हे आपण दोघांनी ठरवलंय. रिंगबिंग सांगायची गरज नाही. फक्त दोघांनी, हा शब्द तेवढा गाळू नका."

मी म्हणालो, दिवाळीत सांगतो.

धावड्याला माझी माय, थोरला भाऊ, वहिनी आणि त्यांचा मुलगा राहतात. माय वाईट बाई नाही. तिला नातू हवा होता, आणि थोरल्याकडून एक मिळाला होता तरी धाकट्याकडून मिळायचा राहिला होता. तिच्या हिशोबात बायको हे शेत होतं, आणि शेत पेरलं तर उगवायला हवं. दिवाळीत तिनं विचारलं, "सूनबाईचं काई जमून राह्यलंय का न्हाई?" मी म्हणालो, "बघू." बायको ताटं वाढत होती. तिचा हात क्षणभर थांबला, मग तिनं भात वाढला.

पुढची काही वर्षं मी "बघू" या शब्दावर काढली. तो इतका कामाचा शब्द आहे की सरकारनं मला त्याच्यासाठी भत्ता द्यायला हरकत नव्हती. मायला त्यातून "प्रयत्न चालू आहेत" ऐकू यायचं, भावाला "पैशाची अडचण आहे" आणि वहिनीला "हिच्यातच काहीतरी कमी आहे". मी कुणालाच दुरुस्त केलं नाही.

मायनं भोकरदनहून कुणा वैद्याची पुडी आणली. पोटुशी राहण्याची. रोज सकाळी अनशापोटी, गुळाच्या पाण्यातून. सुटीत धावड्याला गेलो की माय स्वतः वाटी घेऊन समोर बसायची. बायको प्यायची. आत रिंग आणि वरून पुडी. मी ओसरीवर मोबाइल बघत बसलेला असायचो. एकदा वाटी रिकामी करून तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "अहो, फार कडू आहे. तुम्ही घेऊन बघता का?" माय म्हणाली, "त्यानं कशाला घ्यायची? त्याला काय झालंय?"

खरंच मला काही झालेलं नव्हतं.

आता स्पष्टच लिहायचं ठरवलं आहे तर हेही लिहितो. रिंगेचा मला कधी त्रास झाला नाही. कधीकधी जाणवायची, तेवढंच. ती विचारायची, "टोचत नाही ना?" मी नाही म्हणायचो आणि विषय बदलायचो. एकदा ती खोकली आणि रिंग अर्धी बाहेर आल्यासारखी तिला वाटली. ती म्हणाली, "जरा बघा ना." खांद्यापर्यंत प्लास्टिकचा मोजा चढवून म्हशीच्या आत हात घालणारा मी, चारचौघांत, तंबाखू चघळत, गप्पा मारत. आणि मी बायकोला म्हणालो, "उद्या डॉक्टरीणबाईला फोन करू." तिनं मग संडासात जाऊन स्वतःच ती सरकवली. बाहेर येऊन म्हणाली, "म्हैस असते तर बरं झालं असतं." मी हसलो. ती हसत नव्हती.

रिंगा मी संभाजीनगरहून आणायचो, एका वेळी तीन. जाफराबादच्या मेडिकलवर मागायची माझी हिंमत नव्हती. दुकानदाराच्या गायी उपचाराला माझ्याकडेच यायच्या. आमच्याकडचा उन्हाळा म्हणजे घरातलं खोबरेल तेलसुद्धा पाण्यासारखं पातळ राहतं, म्हणून रिंगा फ्रीजमध्ये ठेवायच्या, दाराच्या वरच्या कप्प्यात, खोक्यातून काढून, नुसती चंदेरी पाकिटं. दवाखान्यातला फ्रीज बंद पडला की जनावरांची लसही मी घरी आणून ठेवायचो, त्यामुळे आमच्या फ्रीजमध्ये दुधाशेजारी औषध दिसणं नवल नव्हतं.

एका एप्रिलमध्ये माय डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे येऊन राहिली. पट्टी निघाल्यावर तिला नव्यानं दिसायला लागलं आणि ती घरातली प्रत्येक वस्तू हातात घेऊन बघू लागली. एके सकाळी पाकीट हातात घेऊन आली. "हे काय हाय रे?"

बायको ओट्याशी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. पाच वर्षांत इतकी सोपी संधी आली नव्हती. माय समोर, बायको समोर, पाकीट मायच्या हातात. मी फक्त तोंड उघडायचं होतं.

"म्हशीचं औषध हाय," मी म्हणालो.

"कशाचं?"

"म्हशी माजावर येत न्हाईत त्यांच्यासाठी. आत ठिवायचं असतंय."

बायकोनं पोळी उलटली.

माय म्हणाली, "मंग दुसऱ्याच्या म्हशींना लावीत फिरतू आन् घरची म्हैस दोन वरसं झाले भाकड बसून हाय, तिच्याकडं कोन बघील?"

"बघू," मी म्हणालो.

मायला माझ्या "बघू"चा अर्थ एव्हाना कळायला लागला असावा, कारण तिनं वाट पाहिली नाही. आठ दिवसांनी भाऊ तिला न्यायला आला आणि ती गेली. नंतरच्या गुरुवारी बायकोचा रिकामा आठवडा संपत होता. तिनं फ्रीज उघडला. पाकीट नव्हतं. शेवटचं होतं ते. पुढची तीन मी या आठवड्यात आणतो, त्या आठवड्यात आणतो असं चाललं होतं.

मी धावड्याला फोन लावला. "माय, फ्रीजमधलं ते पाकीट?"

"आनलं मी. बर्फाच्या डब्यात घालून आनलं, बराबर थंडगार. आता रविवारी डोहाळजेवणाला येतूच ना, तवा लावून टाक."

फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, "आता सांगाल?"

"सांगतो की. रविवारी सगळे असतीलच."

भावाच्या सुनेचं डोहाळजेवण होतं. आमच्या घरची रीत अशी की पहिली ओटी सासूनं भरायची, दुसरी चुलत सासूनं. म्हणजे दुसरी माझ्या बायकोची. तिनं नवीन खण आणला होता, नारळ निवडून घेतला होता, जाफराबादहून शेअर जीपमध्ये मांडीवर सांभाळत आणला होता. वहिनींची ओटी झाली. बायको ताट घेऊन पुढं झाली. माय म्हणाली, "सूनबाई, तू ऱ्हाऊ दे. तू पोळ्यांकडं बघ." आणि शेजारच्या एका बाईला हाक मारली, जिला तीन मुलगे होते. पोरीच्या बाजूला पाटावर बसलेल्या बायांनी बायकोकडे बघितलं नाही, हेच ते बघणं होतं. ती म्हणाली, "हो आत्याबाई." ताट त्या बाईच्या हातात दिलं. तिनं आणलेला नारळ, तिनं आणलेला खण, आणि त्या बाईच्या हातानं ओटीत गेला.

मी ओसरीवरून बघत होतो. तिथूनच म्हणता आलं असतं. माइक लागला नसता.

त्याच वेळी भाऊ म्हणाला, "चल बापा, म्हशीचं उरकून घेऊ. जेवनं झाली की मंडळी पांगतील." त्याला साक्षीला मंडळी हवी होती. गोठ्यात सात-आठ जण जमले. भावानं पाकीट फोडलं आणि रिंग तळहातावर घेतली.

"एवढीशीच?" तो म्हणाला.

शेजारच्या म्हाताऱ्यानं वाकून बघितलं. "आरं, हे तर रेड्याच्या शिंगाला राखी बांधल्यागत झालं. तू तिकडं जाफराबादला तर चांगलं हातभर लांब घालतू म्हंत्यात."

"ते जुनं. हे नवीन निघालंय," मी म्हणालो.

भावाचा मुलगा शिकलेला. त्यानं पाकिटावरचं इंग्रजी वाचलं, पुन्हा वाचलं. "काका, यावर म्हशीचं कुठंच लिहिलेलं नाही."

"बाहेरच्या देशातलं हाय. तिकडं असं वेगवेगळं लिहीत न्हाईत."

पाकिटाची घडी करून त्यानं खिशात ठेवली. त्याची बायको आत पाटावर बसली होती. त्याला किती कळलं ते मी त्याला कधी विचारलं नाही.

पशुवैद्याला हात धुवायला कोमट पाणी घरच्या बाईनं आणायचं असतं. वहिनी पाहुण्यांत होत्या. पोळ्यांकडे बघणारी मोकळी होती. ती बादली घेऊन दारात आली, खांद्यावर टॉवेल, हातात साबणाची वडी.

मी विचारलं, "पाणी कोमट हाय का?"

"आहे," ती म्हणाली. "हात नीट धुवा. आधीही आणि नंतरही."

मी मोजा चढवला, रिंग दोन बोटांत दाबली, जशी ती स्वतः दाबते तशी, आणि म्हशीच्या आत नेऊन सोडली. म्हैस ढिम्म हलली नाही. तिला कळलंसुद्धा नसेल. म्हातारा म्हणाला, "झालं पन?" मी म्हणालो, झालं. मी मान वर केली तेव्हा दारात फक्त बादली होती.

रिंग दुसऱ्या दिवशी शेणात सापडली. भावानं फोन केला, "पडली की रे." मी त्याला म्हणालो, "काम झालं की पडतीच ती." बरोबरीनं मी म्हशीला खनिज मिश्रण चालू करायला सांगितलं, रोज आंबोणातून. ते खरं औषध होतं. दीड-दोन महिन्यांत म्हैस आपोआप माजावर आली, मी येऊन रेतन केलं, ती गाभण राहिली. श्रेय रिंगेला गेलं. धावड्याचे चार-पाच शेतकरी मला भेटून गेले, "साहेब, ती बारकी, काचेसारखी हाय ना, आम्हाला तसलीच लावा." मी म्हणालो, स्टॉक संपला. मी कुणालाही दुरुस्त केलं नाही हे पुन्हा वेगळं सांगायला नको.

इकडे जाफराबादला मी नव्या रिंगा आणायला अकरा दिवस लावले. लसीकरण चालू होतं. ते खरं होतं, पण संभाजीनगरची एसटीही चालू होती. नवी रिंग आल्यावरही डॉक्टरीणबाईंनी फोनवर आठवडाभर जपायला सांगितलं. रिकाम्या आठवड्यानंतरचे पहिले दोन दिवस सोडले, तर ते सगळे दिवस बायको मुलीच्या खोलीत झोपली. त्या पहिल्या दोन दिवसांत एकदा आम्ही जपलो नव्हतो, कारण मी म्हणालो होतो की एका दिवसानं काही होत नाही. म्हशीच्या बाबतीत एका दिवसानं सगळं होतं, हे मी माइकवर सांगतो. पुढची पाळी नऊ दिवस लांबली. त्या नऊ दिवसांत ती शाळेत गेली, वह्या तपासल्या, मुलीची वेणी घातली आणि माझ्याशी फक्त गॅस सिलिंडरबद्दल बोलली. दहाव्या दिवशी सकाळी न्हाणीघरातून बाहेर येऊन तिनं सांगितलं, "आली." एवढंच. मग मोरीत पाय दुमडून बसली आणि बराच वेळ नळ चालू ठेवला.

म्हैस पुढच्या वर्षी व्यायली. रेडी झाली. मायनं निरोप धाडला, खरवस खायला या. आम्ही तिघं गेलो. ओसरीत सगळे बसलेले, वहिनी खरवसाच्या वड्या वाढत होत्या, भाऊ म्हशीच्या दुधाचं कौतुक सांगत होता. माय माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "दोन वरसं रिकामी बसल्याली म्हैस, माह्या लेकानं एका रिंगेत गाभण केली." मग बायकोकडे बघून म्हणाली, "का रे, आसलंच एखादं बायामानसाचं न्हाई का निघालं? इला लाव की."

ओसरी हसली. भाऊ इतका हसला की त्याला ठसका लागला. वहिनी पदर तोंडाला लावून हसल्या.

मीही हसलो.

इथं मी हवं तर लिहू शकतो की मला हसावं लागलं, अवघडून हसलो. तसं नव्हतं. मायचं वाक्य खरंच विनोदी होतं, आणि ते किती विनोदी आहे हे त्या ओसरीत फक्त दोघांना माहीत होतं. त्यातला एक हसला.

बायकोनं आपली वडी मुलीच्या ताटलीत ठेवली. मुलगी दहा वर्षांची झाली होती. तिनं विचारलं, "आई, तू नाही खात?" ती म्हणाली, "मला नको."

येताना जीपमध्ये गर्दी होती. भोकरदनला गाडी बदलली. तिथं टपरीवर मी चहा घेतला, तिनं घेतला नाही. ती म्हणाली, "आत्याबाई बोलल्या त्याचं मला काही नाही. त्यांना माहीतच नाही. तुम्ही हसलात."

मी म्हणालो, "सांगणार आहे मी."

"नका सांगू आता," ती म्हणाली. "आता सांगितलं तर सगळे म्हणतील, बाईनं इतकी वर्षं रिंग घालून घराला फसवलं. तेव्हा दोघांचं होतं. आता ते एकटीचं झालंय."

हे मी माझ्या सोयीनं ऐकलं. "नका सांगू" तेवढंच ऐकलं, आणि परवानगी मिळाल्यासारखा निवांत झालो.

धावड्याला ती अजून जाते. वाढते, आवरते, मायच्या पायाला तेल चोळते. ओटी भरायच्या वेळी आता तिला कुणी थांबवावं लागत नाही, ती आधीच चुलीपाशी असते. वहिनी कुणा नव्या सुनेला तिची ओळख करून देताना म्हणतात, "ह्या एकावरच अडकल्या, पन स्वभावानं लई चांगल्या." पन हा शब्द मी दरवेळी ऐकतो.

दोन वर्षांपूर्वी तिचं बीपी वाढलं. डॉक्टरीणबाईंनी रिंग बंद केली. म्हणाल्या, आता ही नको. माझ्याकडे बघून त्या काही बोलल्याच नाहीत. त्यांनी आपला वेळ वाया घालवणं सोडलेलं असावं. मी त्याच महिन्यात जालन्याला जाऊन माझं ऑपरेशन करून घेतलं. खरंच दहा-पंधरा मिनिटं लागली, खरंच मी चालत बाहेर आलो. धावड्याला सांगितलं, ट्रेनिंगला गेल्तो. दवाखान्यात सांगितलं, पाठीत उसण भरली. म्हणजे आयुष्यात एक काम बरं केलं, तेही चोरून.

घरी येऊन मी तिला सांगितलं आणि खरं म्हणजे कौतुकाची वाट बघत बसलो. तिनं मला गरम पोळी वाढली, उशी आणून दिली. म्हणाली, "बरं केलंत. उशिरा केलंत, पण बरं केलंत. मी मागितलं होतं ते मात्र हे नव्हतं."

फ्रीजच्या दाराचा तो वरचा कप्पा आता रिकामा असतो. मुलगी त्यात नेलपॉलिश ठेवते. ती बारावीला आहे आणि तिला जनावरांची डॉक्टर व्हायचं आहे, खरी. मागच्या महिन्यात तिनं विचारलं, "बाबा, आजी म्हणते तुम्ही एका रिंगेत म्हैस गाभण केली होती. ते कसं काय?" बायको पलीकडे वह्या तपासत होती. लाल पेन थांबलं.

मी म्हणालो, "बघू, सांगतो कधीतरी."

पेन पुन्हा चालू झालं.

म्हणून हे लिहितो आहे. हे कागदावर आलं म्हणजे फेडलं, असा माझा समज नाही. हा कागदसुद्धा माइकसारखाच आहे, समोर अनोळखी मंडळी बसली की मला बोलता येतं. माय अजून आहे, तिला डोळ्यानं दिसतं आणि कानानं ऐकू येतं. भाऊ आहे, वहिनी आहेत, ओसरी तीच आहे.

त्या ओसरीत, बायको शेजारी बसलेली असताना, मला त्या सगळ्यांना सांगायचं आहे की दुसरं मूल नको हे आम्ही दोघांनी ठरवलं होतं, तिच्यात काही कमी नव्हतं, आणि ते पाकीट तिचं होतं. हे मी अजून सांगितलेलं नाही.